काळीपिवळीचं पासिंग

आमच्या कमांडर जीपची फाइल जीपपेक्षा चांगल्या अवस्थेत आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल, पिशवी टिनाच्या पेटीत, आणि पेटी उंदीर पोचू नयेत म्हणून धानाच्या कोठीवर. गाडीची नोंदणी मे 1999ची, नंबर एमएच-34, म्हणजे चंद्रपूर. आजवर ती साधारण 4 लाख 60 हजार किलोमीटर चालली आहे. हा आकडा मात्र फाइलमधल्या एकाही कागदावर नाही. मीटर पाच आकडी आहे, 99,999 नंतर ते पुन्हा शून्यावर येतं. असं चार वेळा झालं. खरा आकडा मला बाबांच्या डिझेलच्या वह्यांमधून बेरीज करून काढावा लागला.

हे सगळं उपसायचं कारण भावाचा प्रश्न. 2029 मध्ये जीपच्या नोंदणीची मुदत संपते. पुन्हा पास करून घ्यायची, की भंगारात काढायची? मी कागद तारखेप्रमाणे लावले तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. गाडी नवी आणि धडधाकट होती तेव्हा ती दरवर्षी तपासली गेली. ती जुनी आणि खिळखिळी झाल्यावर सात वर्षं तिच्याकडे सरकारी नजरेने कुणी पाहिलंच नाही.

पहिली आठ वर्षं ती काळीपिवळी होती. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला वडाप म्हणतात, त्याला आमच्याकडे काळीपिवळी म्हणतात. काळं अंग, पिवळं टप, आणि आत परवान्यावरच्या आकड्यापेक्षा बरीच जास्त माणसं. मूल, सावली, व्याहाड, मग वैनगंगेचा पूल आणि पलीकडे गडचिरोली. दिवसाला सरासरी 120 किलोमीटर. बाजाराच्या दिवशी टपावर कोंबड्या, मोहफुलांची पोती, सायकली. एसटी चुकलेला माणूस काळीपिवळीत बसायचा, आणि एसटी न चुकलेलाही बसायचा, कारण काळीपिवळी हात दाखवला की थांबते.

प्रवासी वाहन म्हणून तिला फिटनेस सर्टिफिकेट लागायचं. बोलीत त्याला कुणी फिटनेस म्हणत नाही, म्हणतात पासिंग. नव्या गाडीला पहिली दोन वर्षं सूट, मग दरवर्षी. आमच्या फाइलमध्ये 2001 ते 2006 अशी ओळीने सहा पासिंगं आहेत. मे महिना लागला की आठवडाभर गाडी मेकॅनिककडे. ब्रेक लायनर नवे, किंगपिन बुश नवे, स्टिअरिंगचा प्ले काढायचा, कमानीचा तुटका पाटा बदलायचा. मग रंग. काळा-पिवळा रंग ताजा दिसला पाहिजे, मागचे रिफ्लेक्टर चमकले पाहिजेत. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि उमटलेली छाप अर्जाला जोडायची. लहानपणी मला वाटायचं, हे गाडीचं अंगठ्याचं निशाण आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मध्ये काय तपासायचं याची यादी आहे: हेडलाइट, बाकीचे दिवे, रिफ्लेक्टर, आरसा, हॉर्न, सायलेन्सर, वायपर, धूर, ब्रेक, स्टिअरिंग. त्यात स्पीडोमीटरही आहे. तो चालतो का, एवढंच बघायचं. गाडी किती धावली हे त्या यादीला ठाऊक नसतं. माझ्या मते सगळ्या व्यवस्थेतली सगळ्यात मोठी फट इथेच आहे. नागपूरच्या सिमेंटच्या रस्त्यावर वर्षाला आठ हजार किलोमीटर चालणारी गाडी आणि पावसाळ्यात उखडलेल्या जंगलरस्त्यावर छत्तीस हजार चालणारी गाडी, दोघींचं वय कागदावर सारखंच. बाबा पासिंगवरून परतले की एकच वाक्य बोलायचे: "गाडी दरसाली पास होते, रस्ता कधी पासिंगले न्यायचा?"

ही दरवर्षीची तपासणी फार जुनी आहे. भारतातला पहिला मोटार वाहन कायदा 1914चा, दुसरा 1939चा. 1939 मध्ये चंद्रपूरचं नाव अजून चांदा होतं, जिल्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता आणि गडचिरोली ही त्यातली एक तहसील. (गडचिरोलीचा स्वतंत्र जिल्हा 26 ऑगस्ट 1982ला झाला, म्हणून तिकडच्या गाड्या एमएच-33.) त्या 1939च्या कायद्याने भाड्याने माणसं आणि माल नेणाऱ्या वाहनांना फिटनेस सक्तीचा केला. 1988च्या कायद्याने तेच पुढे नेलं आणि कडक शब्दांत सांगितलं की फिटनेस नसेल तर अशा वाहनाची नोंदणीच वैध मानायची नाही. खासगी गाडीला मात्र एकदम 15 वर्षांची नोंदणी. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि तेव्हा तपासणी.

यामागचा विचार मला असा दिसतो: भाडं देऊन बसणाऱ्या परक्या माणसाला गाडीची अवस्था कळत नाही, म्हणून सरकारने त्याच्या वतीने बघायचं. मालक स्वतःच्या गाडीत बसतो, तो जिवाला जपेलच. मोटार ही बंगलेवाल्यांची चीज होती तेव्हा हे पटण्यासारखं असेल. आमच्या गावात खासगी गाडी कुणा एकाची नसते.

2007 मध्ये बाबांनी परवाना परत केला. कर्जाचे हप्ते संपले होते आणि मार्गावर गाड्या वाढल्या होत्या. जीप पांढरी रंगवली, पिवळी नंबरप्लेट जाऊन पांढरी आली, रूपांतराचे कागद झाले. तेव्हा मीटरवर, म्हणजे वहीत, 2 लाख 88 हजार किलोमीटर होते. आणि कायद्याच्या दृष्टीने ती एकदम घरगुती गाडी झाली. पुढची तारीख थेट मे 2014. मध्ये फक्त सहा महिन्यांनी पीयूसी, आणि पीयूसीची नळी धूर मोजते, ब्रेक नाही.

या सात वर्षांत ती काय करत होती? वह्यांत डिझेलसमोर बाबांनी कामही लिहिलंय. धान, खत, लग्न, आणि पुन्हा पुन्हा एकच शब्द: दवाखाना. महाराष्ट्रात 108 नंबरची रुग्णवाहिका सेवा 2014च्या सुरुवातीला आली. त्याआधी रात्री बाळंतपणाची कळ आली, साप चावला, कुणाला मलेरियाचा ताप डोक्यात गेला, तर गावात ज्याची गाडी त्याचं दार वाजायचं. 2011च्या वहीत ऑगस्ट महिन्यात 'दवाखाना' नऊ वेळा आहे. खाट आडवी बसावी म्हणून मधली सीट काढलेली. पैसे कुणी देत नसे, फार तर डिझेल. म्हणजे भाडं नाही, म्हणजे प्रवासी वाहन नाही, म्हणजे तपासणी नाही. बाजाराला जाणाऱ्या धडधाकट माणसांसाठी सरकार दरवर्षी ब्रेक बघत होतं. तीच गाडी, तोच पूल, आत अडलेली बाई, तेव्हा नियमाच्या लेखी आत फक्त मालक होता.

2014च्या नूतनीकरणाआधी मेकॅनिकने गाडी उचलली तेव्हा चेसिसच्या मधल्या आडव्या पट्टीला बोट जाईल एवढी चीर होती, आणि चिरेच्या आत गंज. ती कधी पडली कुणाला माहीत. वेल्डिंग झालं, पट्टी लागली, गाडी पास झाली. 2019 आणि 2024लाही झाली. म्हणजे टॅक्सीच्या आठ वर्षांत सहा पासिंगं, आणि त्यानंतरच्या एकोणीस वर्षांत तीन.

ब्रिटनने हे कोडं उलट्या बाजूने सोडवलं. तिथे 1960 मध्ये तपासणी सुरू झाली ती खासगी गाड्यांसाठीच, दहा वर्षांपेक्षा जुन्या असतील तर. इतक्या गाड्या नापास झाल्या की 1961 मध्ये मर्यादा सात वर्षांवर आणली, 1967 मध्ये तीनवर. आज तिथे कुणीही गाडीचा नंबर टाकून तिच्या जुन्या तपासण्या मोबाइलवर पाहू शकतो: काय बिघडलं होतं, आणि त्या दिवशी मीटरवर किती होते. जुनी गाडी घेणाऱ्याला विकणाऱ्याच्या शपथांवर विसंबावं लागत नाही.

आपल्याकडे बदल होतायत, पण वयाच्या बाजूने. 2010 मध्ये राज्याने 15 वर्षांवरच्या खासगी गाड्यांवर पर्यावरण कर लावला. 15 वर्षांच्या कारच्या नूतनीकरणाची फी 600 रुपये होती, ती एप्रिल 2022 पासून 5,000 झाली. ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या कारसाठी 10,000. एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी नव्याने होतच नाही. अपवाद संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षेच्या चिलखती व विशेष वाहनांचा, आणि तो कुणासाठी आहे हे गडचिरोलीत राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. दिल्लीत राहिलो असतो तर दहा वर्षांच्या डिझेलबंदीने आमची जीप कधीच मोडीत गेली असती.

तपासणीही बदलतेय. ब्रेकसाठी 250 मीटरचा ट्रॅक हवा, यावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका लढवली गेली. 2021 मध्ये स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम आले: रोलरवर ब्रेक, यंत्राने हेडलाइट, यंत्राने सस्पेन्शन. फेरतपासणीतही नापास झाली तर गाडी 'आयुष्य संपलेलं वाहन'. माणसाच्या डोळ्यापेक्षा यंत्र बरं, हे मला मान्य आहे. पण ते पाच वर्षांतून एकदाच बघणार असेल, तर मधली चीर ते पकडणार कसं? आणि दहा हजारांची फी गाडी सुरक्षित करत नाही. तेवढ्यात चारही चाकांचे लायनर आणि सिलिंडर बदलून वर पैसे उरतात.

भावाने शेवटी ठरवलं: 2029 पर्यंत गाडी ठेवायची, पण आता फक्त धान आणि खतासाठी. माणसं बसवायची नाहीत, लग्नालाही नाही. आणि काळीपिवळीच्या जुन्या तारखेला, दर मे महिन्यात, चारही चाकं काढून ब्रेक उघडायचे, चेसिस घासून पाहायची आणि मीटरचा आकडा वहीत तारखेसह लिहायचा. यंदा उघडले. मागच्या उजव्या चाकाचं सिलिंडर गळत होतं.