पुणे एफसी : द्वितीय श्रेणीतून उपविजेतेपदापर्यंत

क्रिकेटच्या छायेत वावरणाऱ्या महाराष्ट्रात व्यावसायिक फुटबॉलचा इतिहास प्रामुख्याने मुंबईभोवती फिरत राहिला. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया यांसारखे संघ कंपन्यांच्या आधारावर उभे होते आणि त्यांचे सारे व्यवहार राजधानीतच चालत. मुंबईबाहेरच्या एखाद्या शहराच्या नावाने उभा राहिलेला, खालच्या श्रेणीतून मैदानावरील कामगिरीच्या बळावर वर चढलेला आणि देशाच्या अव्वल लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचलेला संघ म्हणून पुणे फुटबॉल क्लबचे, अर्थात पुणे एफसीचे नाव घ्यावे लागते. जेमतेम आठ वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या क्लबची वाटचाल नाशिक, कोल्हापूर, नागपूर यांसारख्या शहरांतील फुटबॉलप्रेमींसाठी आजही अभ्यासण्याजोगी आहे.

स्थापना

पुणे एफसीची स्थापना २००७ साली अशोक पिरामल उद्योगसमूहाने केली. त्याच वर्षी भारतीय फुटबॉलमध्ये मोठा बदल घडला. १९९६-९७ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय फुटबॉल लीगच्या जागी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आय-लीग सुरू केली. मुंबई एफसीचा जन्मही २००७ मधलाच. एकाच राज्यातील दोन नवे क्लब एकाच वेळी शिडीच्या पहिल्या पायरीवर उभे राहिले, असे तेव्हाचे चित्र होते.

बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल हे पुणे एफसीचे घरचे मैदान ठरले. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या या संकुलात २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धाही झाल्या. ॲथलेटिक्सच्या धावमार्गामुळे प्रेक्षक मैदानापासून काहीसा दूर बसत असला, तरी दर्जेदार सामना घेण्यायोग्य सोय पुण्यात आधीच उपलब्ध होती. नव्या क्लबसाठी ही फार मोलाची बाब होती.

बढतीची लढाई

आय-लीगच्या द्वितीय श्रेणीतून बढती मिळवणे सोपे नव्हते. आधी गटवार सामने, मग निवडक संघांची अंतिम फेरी आणि त्यातून वरची जागा, असा हा मार्ग होता. थोड्या दिवसांत अनेक सामने खेळावे लागत असल्याने राखीव खेळाडूंचा कस लागे. २००८ मध्ये मुंबई एफसीने ही पायरी ओलांडली. पुण्याला मात्र आणखी एक वर्ष थांबावे लागले. २००९ मध्ये साळगावकर, शिलाँग लाजोंग आणि विवा केरळ यांच्यासह पुणे एफसीने अव्वल श्रेणीत प्रवेश मिळवला.

बढतीनंतर क्लबने गोव्याचे डेरिक परेरा यांच्याकडे प्रशिक्षकपद सोपवले. २००५-०६ मध्ये महिंद्र युनायटेडला राष्ट्रीय लीगचे अजिंक्यपद मिळवून देणारे प्रशिक्षक म्हणून त्यांची ख्याती होती. चौदा संघांच्या २००९-१० च्या लीगमध्ये नवख्या पुण्याने थेट तिसरा क्रमांक पटकावला. त्यांच्या पुढे होते ते केवळ गोव्याचे धेंपो आणि चर्चिल ब्रदर्स. नव्याने बढती मिळालेल्या संघाने तग धरणे हेच यश मानले जात असताना ही कामगिरी लक्षणीय होती.

खेळाडू आणि प्रबोधिनी

परेरा यांच्या काळात संघाला स्थैर्य लाभले. गोलरक्षक सुब्रत पाल यांनी जानेवारी २०११ मध्ये दोहा येथील आशिया चषकात भारतीय गोलपोस्टसमोर जी झुंज दिली, ती पुण्याचा खेळाडू असतानाच. जपानमध्ये जन्मलेल्या अराता इझुमी यांचा प्रवास याहून वेगळा. भारतीय वडील व जपानी आई असलेल्या या मध्यरक्षकाने जपानी नागरिकत्व सोडून भारतीय नागरिकत्व स्वीकारले आणि २०१३ मध्ये भारताची जर्सी परिधान केली. मिझोरमच्या जेजे लालपेखलुआ यांची व्यावसायिक कारकीर्दही पुण्यातच सुरू झाली. पुढे भारतीय संघाचे आधारस्तंभ ठरलेले बचावपटू अनस एडाथोडिका आणि गोलरक्षक अमरिंदर सिंग हेही याच क्लबमध्ये घडले.

क्लबने तरुण खेळाडूंसाठी निवासी प्रबोधिनी सुरू केली आणि तिच्या संघाने वीस वर्षांखालील आय-लीगचे अजिंक्यपदही मिळवले. तयार खेळाडू विकत घेण्याची ऐपत असतानाही खेळाडू घडवण्यावर पैसा खर्च करणारे क्लब त्या काळात देशात मोजकेच होते.

शिखर

२०१२-१३ चा हंगाम हा क्लबच्या इतिहासातील सर्वोच्च बिंदू. दक्षिण सुदानचा आघाडीपटू जेम्स मोगा याच्या गोलांच्या जोरावर पुण्याने लीगमध्ये दुसरे स्थान मिळवले. विजेतेपद चर्चिल ब्रदर्सकडे गेले. या कामगिरीमुळे आशियाई स्पर्धांचे दार उघडले. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत व्हिएतनामच्या हनोई टी अँड टी संघाकडून पराभव झाल्यावर २०१४ मध्ये पुणे एफसी एएफसी चषकाच्या गटसाखळीत खेळला. सात वर्षांपूर्वी अस्तित्वातच नसलेला संघ आता आशियातील क्लबांशी दोन हात करत होता. त्याच वर्षी प्रतिष्ठेच्या ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यातही पुण्याने धडक मारली; तेथे साळगावकरने बाजी मारली.

अस्त

२०१४ मध्येच इंडियन सुपर लीग सुरू झाली. या स्पर्धेत स्थान मिळत होते ते फ्रँचायझीचे शुल्क भरून. खालून बढतीची सोय नव्हती. पुण्याच्या नावावर एफसी पुणे सिटी हा वेगळा संघ तेथे उतरला. एकाच शहरात, एकाच मैदानावर दोन लीगचे दोन संघ खेळू लागले. प्रायोजक आणि प्रसिद्धीचा झोत नव्या स्पर्धेकडे वळला व आय-लीगचे भवितव्य धूसर झाले. अशा स्थितीत २०१४-१५ चा हंगाम पुणे एफसीचा अखेरचा ठरला. पुढे प्रबोधिनी एफसी पुणे सिटीने आपल्याकडे घेतली.

दुर्दैव असे, की पुण्यातील इतर क्लबांनाही दीर्घायुष्य लाभले नाही. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४-१५ चा एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्सचा आय-लीगमधील प्रवास २०१६-१७ नंतर थांबला. एफसी पुणे सिटीची सुपर लीगमधील जागा २०१९ मध्ये हैदराबाद एफसीने घेतली. शेजारच्या मुंबई एफसीनेही २०१७ मध्ये पदावनती होताच गाशा गुंडाळला.

शिडीचे महत्त्व

युरोपात लहान गावाच्या क्लबला तळापासून शिखरापर्यंतचा मार्ग नियमानेच मोकळा असतो. रुमानियाची राजधानी बुखारेस्टला लागून असलेल्या व्होलुंतारी या शहराचा क्लब २०१० मध्ये स्थापन झाला, २०१५ मध्ये देशाच्या पहिल्या श्रेणीत पोहोचला आणि २०१७ मध्ये त्याने रुमानियन चषक जिंकला. तेथे नगरपालिकेचे पाठबळ होते आणि वर जाण्याची वाट कोणी अडवलेली नव्हती. पुणे एफसीने पहिली पायरी ओलांडली, दुसरी गाठली. मात्र त्यापुढची पायरीच शिडीतून काढून घेण्यात आली.

भारतात ही उणीव उशिराने दूर झाली. २०२२-२३ चा आय-लीग विजेता पंजाबचा राउंडग्लास संघ कामगिरीच्या जोरावर सुपर लीगमध्ये बढती मिळवणारा पहिला क्लब ठरला. पुढच्या वर्षी कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने तोच मार्ग चोखाळला. २०२३ मध्ये आय-लीगच्या तिसऱ्या श्रेणीची भर पडल्याने राज्य पातळीवरच्या क्लबांनाही राष्ट्रीय उतरंडीत शिरकाव करता येऊ लागला.

नाशिकने कविता राऊत यांच्यासारखी धावपटू आणि दत्तू भोकनळ यांच्यासारखा नौकानयनपटू देशाला दिला. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजी सामने रंगले. फुटबॉलमध्ये मात्र राष्ट्रीय लीगचा सामना पाहण्यासाठी येथील रसिकाला दोनशे किलोमीटरवरील पुणे गाठावे लागे आणि पुढे तेही उरले नाही. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा यांसारख्या तालमींचे संघ पेठांच्या निष्ठेवर पिढ्यान्‌पिढ्या टिकले. पण त्या निष्ठेला उद्योगसमूहाची आर्थिक ताकद लाभली नाही. पुण्यात ताकद होती. मुळे धरण्याइतका अवधी मिळाला नाही. नव्या शहरात क्लब उभा करू पाहणाऱ्यांनी या दोन्ही गोष्टींची सांगड घालणे अगत्याचे आहे, हाच पुणे एफसीच्या आठ वर्षांचा धडा म्हणता येईल.