‘शिलगावणे’ आणि चिरूट : काही शब्दांचा मागोवा

मराठीत दिवा लावतात, चूल पेटवितात. विडी मात्र शिलगावतात. हिंदीतील ‘सुलगाना’ हे याच क्रियापदाचे भावंड होय. ज्वाला न उठता धुमसू लागणे, हा त्यातील गाभ्याचा अर्थ. चिरूट ओढण्याची रीत साहेबाने आम्हांस शिकविली, असा समज सुशिक्षितांत आढळतो. वस्तूपुरता तो खरा धरला तरी त्या रीतीचे मर्म आपल्या क्रियापदात आधीच सामावलेले होते, एवढे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

धूर ‘पिण्याची’ कल्पना तंबाखूहून पुष्कळ जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात औषधींचा कल्क बोरूसारख्या काडीवर लिंपून अंगठ्याएवढी जाड, आठ अंगुळे लांब व मध्ये फुगीर अशी वर्ती करावयास सांगितले आहे. ती वाळल्यावर काडी काढावयाची, तूप लावावयाचे, नळीत बसवून टोकास अग्नी द्यावयाचा. तोंडाने घेतलेला धूर नाकावाटे सोडू नये, त्याने डोळ्यांस अपाय होतो, असेही तेथे बजाविले आहे. ही सिगारच होय, असे म्हणण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. तंबाखू ही अमेरिकेतील वनस्पती. चरकास ती ठाऊक असणे शक्य नव्हते.

अकबराच्या दरबारी तंबाखू पोहोचला तो दक्खनेतून. आदिलशाही राजकन्येस शाहजादा दानियालकरिता आणावयास असद बेग विजापुरास गेला होता. तो विवाह १६०४ साली आपल्या पैठणनजीक गोदातीरी झाला. असद बेगाने विजापुरात मिळालेला तंबाखू व एक सुबक नळी आग्र्यास नेली, आणि हकीमाचा विरोध असताही बादशहाने झुरके घेतले. पुढे १६१७ साली जहांगीराने मनाई केली. ती कितपत पाळली गेली, हे सांगावयास नको.

‘तंबाखू’ पोर्तुगीजांकडून आला. ‘हुक्का’ अरबी, ‘चिलीम’ फारसी. क्रियापद मात्र देशी राहिले, याचे कारण कृतीत आहे. चिलमीत तळाशी खडा, वर तंबाखू, त्यावर निखारा, आणि ओढावयाच्या तोंडाशी ओली छापी. शेतकऱ्याच्या चंचीतील चकमकीची ठिणगीही कापसात धरते. भडका उडत नाही. ज्वालेस येथे कोठेच वाव नाही. ‘पेटविणे’ ही काडेपेटीची भाषा होय.

‘चिरूट’ हा शब्द इंग्रजी समजला जातो, पण त्याचे मूळ तमिळ ‘चुरुट्टु’, म्हणजे गुंडाळी. तेलुगूतील ‘चुट्ट’ शब्दातही गुंडाळण्याचाच अर्थ आहे. पोर्तुगीज ‘शारुतु’ तमिळवरूनच झाला. मराठीत तो कोणत्या वाटेने आला? पोर्तुगीज त-कार आपल्याकडे सामान्यतः दन्त्य राहतो : फीत, इस्त्री. ‘बटाटा’ हा अपवाद आहे खरा, म्हणून या पुराव्यावर फार भार टाकता येत नाही. तथापि ‘चि’तील इकार व दीर्घ ऊकार इंग्रजी उच्चाराशी जुळतात. औरंगाबादच्या छावणीत हैदराबाद कंटिन्जंटचे इंग्रज अधिकारी होते. मराठवाड्यात हा दाक्षिणात्य शब्द साहेबाच्या तोंडून आला असावा, असा माझा तर्क आहे.

चिरुटाची दोन्ही टोके उघडी असतात; सिगारेचे तोंडाकडील टोक बंद असते, ते पातळ कापावे लागते. पुढील कृती दोहोंची एकच. टोक ज्योतीत खुपसावयाचे नाही. ज्योतीच्या किंचित वर धरून फिरवीत राहावयाचे. कडेला सर्वत्र सारखी लाली आली म्हणजे ओठांशी नेऊन हलका झुरका घ्यावयाचा, आणि टोकावर फुंकर घालून अंगार एकसारखा आहे की नाही हे पाहावयाचे. धूर छातीत घेत नाहीत, तोंडातच घोळवितात. घाईने ओढल्यास पान तापून चव कडवट होते. म्हणून दोन झुरक्यांत सुमारे मिनिटाचे अंतर ठेवतात. राखही लगेच झाडीत नाहीत, कारण ती अंगारावर पांघरुणासारखी राहून त्यास मंद ठेवते.