आईच्या छातीची ऊब
कोलंबियाच्या बोगोटा शहरातील माता-बाल रुग्णालयात १९७८ साली काचेच्या पेट्या अपुऱ्या होत्या. एकाच पेटीत एकाहून अधिक अर्भके ठेवावी लागत, आणि संसर्ग फैलावे. तेव्हा डॉ. एदगार रे यांनी अपुऱ्या दिवसांची बालके आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास आरंभ केला. ऊब, अंगावरचे दूध, हृदयाचे ओळखीचे ठोके! नाव मात्र पडले 'कांगारू'चे. अनेकांनी ही गरिबांची तडजोड मानली. बाळ स्थिरावल्यावरच ती द्यावी, असा दंडक होता. तोवर आई बहुधा दाराबाहेरच. २०२१ साली भारतासह पाच देशांतील चाचणीचा निष्कर्ष आला: जन्मताच छातीशी घेतलेल्या कमी वजनाच्या बालकांतील मृत्यू सुमारे चतुर्थांशाने घटले. त्यासाठी दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात अतिदक्षता कक्षातच आईची खाट मांडली गेली होती.