मातृमुख आणि पुत्राची विस्मृती : भयपटातील एका संबंधाचा विचार

माता-पुत्रसंबंधाच्या विकृतीवर आधारलेल्या भयपटांत आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘सायको’ (१९६०) या चित्रपटास अग्रस्थान दिले जाते. रॉबर्ट ब्लॉक यांच्या १९५९ मधील कादंबरीवर तो आधारलेला असून, १९५७ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात उघडकीस आलेल्या एड गीन प्रकरणाची छाया त्या कथेवर आहे. १९४५ साली माता निवर्तल्यावर गीनने तिच्या खोल्या बंद करून जशाच्या तशा राखल्या होत्या. या संबंधाची उकल बहुधा मनोविश्लेषणाच्या परिभाषेत केली जाते. परंतु वऱ्हाडातील अभ्यासकास त्याची फार जुनी मांडणी जवळच उपलब्ध आहे.

वरूडपासून अकोल्यापर्यंत अनेक घराण्यांची कुलस्वामिनी असलेल्या रेणुकेचे माहूर आज नांदेड जिल्ह्यात मोडते. अकबरकालीन वऱ्हाड सुभ्यात ते एक सरकार होते. महाभारताच्या वनपर्वानुसार जमदग्नीची मातृवधाची आज्ञा चार ज्येष्ठ पुत्रांनी पाळली नाही. परशुरामाने ती पाळली. प्रसन्न पित्याकडे त्याने मागितलेल्या वरांत मातेचे पुनरुज्जीवन आहेच. शिवाय तिला वधाचे स्मरण राहू नये व आपणास पातक लागू नये, याही मागण्या आहेत. माहूरची स्थलकथा पित्याच्या अंत्यविधीनंतरची आहे. सती गेलेल्या मातेच्या दर्शनासाठी व्याकूळ झालेल्या पुत्राने मागे न पाहण्याची अट मोडली व तिचे केवळ मुखच भूमीबाहेर आले. गाभाऱ्यात आजही मुखाचीच पूजा होते.

‘सायको’तील नॉर्मन बेट्स मत्सरापोटी मातेचा वध करतो, तिचे शव घरात जतन करतो आणि तिच्या वाणीने बोलू लागतो. वधाचे स्मरण असह्य झाल्याने मातेला जिवंत मानणे त्यास भाग पडते. येथेही वध, पुनरुज्जीवन आणि विस्मृती हाच क्रम आहे. अखेरीस पुत्राच्या चेहऱ्यावर मातेची कवटी क्षणभर उमटते. म्हणजे येथेही मुखच उरते. भेद आहे तो स्थानाचा. माहुरात ते मुख सर्वांसमक्ष प्रतिष्ठित झाले व पुत्राच्या शोकास सामुदायिक आचाराचे रूप लाभले. नॉर्मनच्या घरी ते तळघरात दडवले गेले.

महाराष्ट्राच्या पार्श्वभूमीवरील ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटात हाच संबंध उलट दिशेने येतो. लोभी पुत्र हस्तर यास देवमाता इतर देवांपासून वाचवते, परंतु त्याचे आश्रयस्थान तिचा गर्भच होय. तेथे रक्षण आणि बंदिवास यांत अंतर राहत नाही.

या विवेचनात एक सावधगिरी आवश्यक आहे. नॉर्मनची माता जाचक होती, हे प्रेक्षकास पुत्राच्या मुखातून व मानसोपचारतज्ज्ञाच्या निवेदनातूनच कळते. तिची स्वतःची साक्ष चित्रपटात नाही. वनपर्वातील वधप्रसंगीही रेणुका बोलत नाही. म्हणून अशा कथांना मातेच्या दोषाचा पुरावा मानणे शास्त्रशुद्ध ठरणार नाही. त्या प्रथमतः पुत्राच्या अपराधभावनेची साधने आहेत, आणि त्याच दृष्टीने त्यांचे वाचन व्हावयास हवे.