गिरमिट आणि पाटी

वेस्ट इंडीज बेटांच्या माळेच्या अगदी दक्षिण टोकाला, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोर, त्रिनिदाद नावाचे बेट आहे. विस्ताराने ते गोव्याहून थोडेसे मोठे. या बेटावरील अनेक घरांत आजही वडिलांच्या वडिलांना ‘आजा’ आणि त्यांच्या पत्नीला ‘आजी’ म्हणतात. मराठी माणसाला हे शब्द ऐकून घरच्यासारखे वाटेल. परंतु ते शब्द उच्चारणाऱ्या माणसाचे उरलेले सारे बोलणे इंग्रजीत असते. ‘आजी’ हा शब्द टिकला आणि आजीची भाषा मात्र गेली. असे का घडले, याचे उत्तर जितके उसाच्या मळ्यांत सापडते, तितकेच ते शाळेच्या वर्गात सापडते.

या कथेचा आरंभ गुलामगिरीच्या अंतापासून होतो. ब्रिटिश साम्राज्यातील गुलाम १८३४ साली कायद्याने मुक्त झाले आणि १८३८ मध्ये त्यांच्यावरील सक्तीच्या उमेदवारीचे उरलेसुरले बंधनही गेले. मुक्त झालेले आफ्रिकी वंशाचे मजूर पूर्वीच्या मजुरीवर, पूर्वीच्या धन्याच्या मळ्यात राबावयास सहजी तयार होईनात. तेव्हा मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. १८३८ साली ब्रिटिश गियानात भारतीय मजुरांची पहिली जहाजे लागली. पुढे कलकत्त्याहून निघालेले ‘फतेल रझाक’ हे जहाज तीन महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर काढून ३० मे १८४५ रोजी त्रिनिदादला पोचले. त्यावर सुमारे सव्वादोनशे माणसे होती. तेव्हापासून १९१७ पर्यंत एक लाख चाळीस हजारांहून अधिक भारतीय या एका बेटावर उतरले. त्यांतील बहुसंख्य आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधील खेड्यांतले होते. काही मद्रासकडूनही गेले.

हे लोक ज्या करारावर जात, त्याला इंग्रजीत ‘अ‍ॅग्रीमेंट’ म्हणत. मजुरांच्या तोंडी त्याचे ‘गिरमिट’ झाले. पाच वर्षे एका ठराविक मळ्यावर काम करावयाचे, आणि एकंदर दहा वर्षे वसाहतीत काढल्यावर परतीच्या प्रवासाचा हक्क मिळवावयाचा, असा त्याचा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सर्वसाधारण सारांश होता. करारात मजुरी, काम आणि धान्य यांचा बारकाईने विचार होता. मात्र आईबापांबरोबर जाणाऱ्या मुलांचे पुढे काय व्हावे, याचा विचार त्यात जवळजवळ नव्हता. जहाजावरील शिधा आणि जागा यांचा हिशेब करताना दहा वर्षांखालील दोन मुले मिळून एक प्रौढ धरीत. दहा वर्षे पुरी झाली की ते मूल प्रौढांतच गणले जाई. आज ज्या वयाचे मूल चौथी-पाचवीच्या वर्गात बसते, त्या वयाला सरकारी हिशेबात त्याचे बालपण संपलेले असे.

मळ्यावर पोचल्यानंतर कुटुंबाची ताटातूट करू नये, असा नियम होता. तथापि राहावयास मिळे ती लाकडी बराकीतील एक खोली. दोन खोल्यांमधील भिंत पुष्कळदा छपरापर्यंतही पोचत नसे. पहाटे आईबाप मळ्यात जात. लहान मुले गुरांमागे हिंडत. जरा मोठी झाली की गवत कापणे, शेणखत वाहणे, तण काढणे अशी हलकी म्हटली जाणारी कामे त्यांच्या वाट्याला येत. त्यांची दोन-चार पैशांची कमाई घराला हवी असे आणि त्यांचे हात मळेवाल्यालाही हवे असत.

बेटावर शाळा नव्हत्या असे नाही. लॉर्ड हॅरिस या गव्हर्नरच्या कारकिर्दीत, १८५१ पासून, सरकारी खर्चाच्या आणि धर्मशिक्षणापासून अलिप्त अशा ‘वॉर्ड शाळा’ उघडल्या गेल्या होत्या. त्यांचे दार भारतीय मुलांना कायद्याने बंद नव्हते. तरी ती मुले तेथे फारशी दिसत नसत. शाळा दूर होत्या, शिक्षकाची भाषा मुलांना कळत नव्हती आणि शिक्षकाला मुलांची. शिवाय आफ्रिकी वंशाचा शेजारी आणि भारतीय मजूर यांच्यात परस्परांविषयी संशय होता. मळेवाल्याने एकाची मजुरी पाडण्यासाठी दुसऱ्याला आणले होते. त्या संशयाचे मूळ त्यात होते. सरकारच्या आमंत्रणावरून आयर्लंडच्या शिक्षण खात्यातील पॅट्रिक कीनन यांनी १८६९ साली बेटावरील शिक्षणाची पाहणी केली. ज्यांच्या श्रमावर बेट श्रीमंत झाले, त्यांची चोवीस वर्षे किती उपेक्षा झाली, हे त्यांनी कठोर शब्दांत नमूद केले.

त्याच सुमारास एक वेगळा प्रयत्न सुरू झालेला होता. कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया प्रांतातील जॉन मॉर्टन हे प्रेस्बिटेरियन पाद्री प्रथम प्रकृतिस्वास्थ्यासाठी त्रिनिदादला आले होते. तेथील भारतीय मजुरांची स्थिती पाहून ते १८६८ साली पत्नी सेरा हिच्यासह कायमच्या कार्यासाठी परतले आणि दक्षिणेकडील आयेर या खेड्यात राहिले. घराच्या पायऱ्यांवर मूठभर मुले जमवून त्यांनी अक्षरे शिकविण्यास आरंभ केला. मॉर्टन यांनी एक गोष्ट ओळखली. मुलांना प्रथम त्यांच्या आईच्या बोलीतून हाक मारली पाहिजे. ते स्वतः हिंदी शिकले आणि त्यांच्या शाळांत हिंदी व इंग्रजी या दोन्ही भाषांना स्थान मिळाले. १८७० मध्ये केनेथ ग्रँट हे त्यांचे सहकारी सॅन फर्नांडो येथे आले. सरकारचे अनुदान आणि मळेवाल्यांची वर्गणी यांच्या बळावर मळ्यामळ्यांजवळ शाळा निघाल्या. सुमारे चार दशकांत त्यांची संख्या साठांच्या घरात गेली. १८९४ साली नेपरीमा कॉलेज आणि शिक्षकांसाठी अध्यापन विद्यालय निघाले; १९१२ मध्ये नेपरीमा येथेच मुलींची माध्यमिक शाळा सुरू झाली.

या शाळांचे ऋण मोठे होते, तसेच त्यांचे मोलही मोठे होते. शाळा मिशनची होती. धर्मांतराची अट मुलांवर नव्हती. परंतु शिकून शिक्षक व्हावयाचे, तर ख्रिस्ती झाल्यावाचून गत्यंतर नसे, आणि मळ्याबाहेर पडण्याचा पांढरपेशा मार्ग त्या काळी शिक्षकीच होता. त्यामुळे हिंदू आणि मुसलमान आईबापांपुढे अवघड प्रश्न उभा राहिला. मुलाला शाळेत न घालावे, तर त्याच्या हाती जन्मभर कोयता. घालावे, तर तो आपल्या देवापासून आणि भाषेपासून दूर जाणार. पुष्कळांनी मुलाला शाळेत घातले आणि घरी रामायणाचा पाठ चालू ठेवला. पुष्कळांनी मुलगा पाठविला आणि मुलगी घरी ठेवली. शेजारच्या ब्रिटिश गियानात १८७६ पासून शिक्षण सक्तीचे होते; पण विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील गव्हर्नर स्वेटेनहॅम यांनी परिपत्रक काढून, मुलींना शाळेत न पाठविणाऱ्या भारतीय पालकांवर खटले भरू नयेत, असे फर्माविले. चालीरीतींचा आदर हे त्याचे कारण दाखविले गेले. ते परिपत्रक रद्द व्हावयास १९३३ साल उजाडले. तोवर कितीतरी मुली निरक्षर राहिल्या.

आपल्या देशात या प्रथेविरुद्ध उठलेल्या आवाजांत एक आवाज मराठी होता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी ४ मार्च १९१२ रोजी मध्यवर्ती कायदेकौन्सिलात गिरमिट पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारी बहुमताने तो नामंजूर झाला. त्याच महिन्यात, त्याच सभागृहात, त्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयकही १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. हे दोन पराभव एकमेकांपासून दूरचे नव्हते. अक्षरशत्रू शेतकऱ्याला कागदावर अंगठा उठवावयास लावणारा आरकाटी आणि त्याच्या मुलाला शाळा नाकारणारे सरकार, ही एकाच दैन्याची दोन कारणे होती. गोखल्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातला. त्या जिल्ह्यातूनही कितीतरी मजूर मुंबई बंदरातून मॉरिशसच्या मळ्यांवर गेले होते. गोखले १९१५ साली निवर्तले. पुढच्या वर्षी पंडित मदनमोहन मालवीय यांनी तोच प्रश्न पुन्हा मांडला आणि सरकारने तत्त्वतः तो मान्य केला. १९१७ साली शेवटचे जहाज त्रिनिदादला गेले आणि १९२० च्या आरंभी उरलेले करारही संपुष्टात आले.

परंतु माणसे परतली नाहीत. चारांतील सुमारे तीन तेथेच राहिली. परतीच्या हक्काच्या मोबदल्यात जमीन मिळू लागली होती, हे एक कारण. जातिबहिष्काराचे भय, हे दुसरे. तिसरे कारण म्हणजे मुले. जी मुले त्या बेटावर जन्मली आणि त्या शाळेत इंग्रजी वाचू लागली, त्यांना गंगाकाठचे गाव परके झाले होते. तंजावर, बडोदे किंवा ग्वाल्हेर येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना हे निराळे समजावून सांगावयास नको. आईबाप मनाने कितीही मागे राहिले, तरी मुलांच्या शाळेबरोबर घराचे मूळ नव्या मातीत रुजते.

हिंदू आणि मुसलमान समाजांना स्वतःच्या अनुदानित शाळांसाठी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत थांबावे लागले. १९४९ मध्ये पहिल्या मुस्लिम शाळेला मान्यता मिळाली. १९५२ साली भदासे सगन मराज यांच्या नेतृत्वाखाली सनातन धर्म महासभा उभी राहिली आणि तिने थोड्याच वर्षांत डझनावारी शाळा बांधल्या. साध्या छपरांच्या त्या शाळांना विरोधक ‘गोठे’ म्हणून हिणवीत. पालकांनी मात्र तेथे मुले धाडली. कारण आता नाव न बदलता गुरुजी होता येत होते. तोवर घरची भोजपुरी बोली मात्र ओसरली होती. फगवा, रामलीला, होसे टिकले; डाळपुरी आणि आजा-आजी टिकले; रोजचे बोलणे इंग्रजीत गेले. मॉरिशसमध्ये मराठी आजही शाळेत शिकविली जाते. शाळेने हाती धरलेली आणि शाळेबाहेर राहिलेली भाषा यांतील अंतर या दोन बेटांच्या तुलनेने स्पष्ट होते.

पाटीने दिले तेही थोडे नाही. नेपरीमा कॉलेजात शिकून तेथेच शिक्षक झालेले नूर हसनअली १९८७ मध्ये त्रिनिदाद व टोबॅगोचे राष्ट्राध्यक्ष झाले. २०१० साली त्या देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झालेल्या कमला प्रसाद-बिसेसर या आयेर हायस्कुलातील विद्यार्थिनी. हे हायस्कूलही प्रेस्बिटेरियन पंथाचे आणि नाव त्याच आयेरचे, जेथे घराच्या पायऱ्यांवर पहिली मुळाक्षरे गिरविली गेली होती.

कलकत्त्याच्या डेपोत प्रत्येक मजुराच्या पासावर त्याचे नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, ठाणे आणि गाव लिहीत. ज्याच्यासाठी तो कागद लिहिला जाई, त्याला बहुधा तो वाचता येत नसे. आज त्याची पणतवंडे पोर्ट ऑफ स्पेनच्या दप्तरखान्यात ते कागद धुंडाळतात आणि हाती लागलेल्या गावाच्या नावाच्या आधारे काही जण आपल्या देशात येतात. गावकऱ्यांशी बोलावयास त्यांना दुभाषी लागतो. आपल्या आज्याच्या गावाचे नाव मात्र त्यांनी स्वतः वाचलेले असते.