नवजात जंतुदोष

जन्मानंतरच्या पहिल्या 28 दिवसांत बाळाच्या रक्तात जंतू शिरून होणारा आजार, वैद्यकात सेप्सिस. पहिल्या 72 तासांतला संसर्ग बहुधा आईकडून, बाळंतपणाच्या वेळी येतो. नंतरचा न धुतलेल्या हातांतून, बेंबीतून किंवा रुग्णालयातूनच. भारतात क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर, ई. कोलाय हे जंतू विशेष आढळतात आणि त्यांतले कित्येक नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाहीत. अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना धोका अधिक.

तान्ह्याला ताप चढेलच असे नाही. उलट ते गार पडते. अंगावर ओढून पिणारे बाळ पिणे सोडते, रडण्यातला जोर जातो, हातपाय लुळे पडतात. ‘बाळ शहाणं आहे, त्रास देत नाही’ म्हणून घरात समाधान असते, आणि तेच तास हातचे जातात. रक्ताच्या कल्चरचा अहवाल यायला एकदोन दिवस लागतात. तोवर उपचार थांबवायचे नसतात.

हा आजार खेड्यात ओळखता आणि बरा करता येतो, हे महाराष्ट्रानेच दाखवले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील 39 गावांत थोडे शिकलेल्या बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. चांगले रडणारे बाळ क्षीण रडू लागले, पिणारे पिईना, चलाख होते ते मलूल झाले, अशी लक्षणे एकत्र दिसली की त्या जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि कोट्रायमोक्साझोलचे औषध देत. बाळ काल कसे होते हे आईलाच ठाऊक असते, म्हणून निदानाची अर्धी भिस्त तिच्यावर होती. जंतुदोष झालेल्यांपैकी पूर्वी 16.6 टक्के बाळे दगावत. उपचारांनंतर प्रमाण 2.8 टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे 2011 पासून आशा कार्यकर्तींच्या गृहभेटी देशभर सुरू झाल्या.

हिंगोली जिल्ह्यातही दवाखान्यात बाळंतपण झाले तरी आशाताईने 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी जायचे असते. पहिलटकरीण बहुधा माहेरी असते. तिथल्या आशेला निरोप पोचला नाही तर या भेटी चुकतात. याच जिल्ह्यातल्या वसमतसारख्या हळदीच्या मुलखात एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागते : बेंबीला हळद, तेल, राख काहीही लावू नये, नाळ कोरडी ठेवावी, ती आपोआप गळते.