वस्ती आणि वतन : फिजी बेटांतील भारतीयांची कथा

गेल्या वर्षीच्या वार्षिक मेळाव्यात भोजनाच्या पंक्तीत माझ्या शेजारी बसलेल्या एका तरुणाने मला विचारले, "गुरुजी, परदेशात कायम राहण्याचा परवाना मिळाला, म्हणजे तो देश आपला झालाच ना?" त्याच्या वडिलांस मीच शिकविले होते. हल्ली आपल्या घरोघरी या परवान्याची चर्चा चालते, आणि विवाह जुळविताना त्यास केवढे वजन असते, हे ज्ञातिबांधवांस सांगावयास नको. पंक्तीत एवढ्या प्रश्नाचे उत्तर देणे शक्य नव्हते. ते येथे इतिहासाच्या आधारे देण्याचा यत्न करतो.

पॅसिफिक महासागरात, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस, फिजी नावाचा तीनशेहून अधिक बेटांचा समूह आहे. दि. १० ऑक्टोबर १८७४ रोजी तेथील सरदारांनी तो ब्रिटिश राणीच्या स्वाधीन केला. पुढच्याच वर्षी गोवराची भयंकर साथ येऊन हजारो मूळ रहिवासी मृत्युमुखी पडले. गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांनी मूळ रहिवाशांच्या जमिनी विकण्यास मनाई केली, व त्यांना मळ्यांवर जुंपू नये असे धोरण ठेविले. मग उसाच्या मळ्यांस मजूर आणावयाचे कोठून? ते हिंदुस्थानातून आणण्याचे ठरले.

'लिओनिडास' नावाचे जहाज कलकत्त्याहून निघून दि. १४ मे १८७९ रोजी फिजीस पोहोचले. तेव्हापासून १९१६ पर्यंत साठ हजारांहून अधिक भारतीय तेथे उतरले. ते मुख्यतः संयुक्त प्रांत व बिहारकडील होते; १९०३ पासून मद्रासेकडील लोकही जाऊ लागले. आपल्या रत्नागिरी-सातारा भागातील मजूर पूर्वी मुंबई बंदरातून मॉरिशसला गेले, तसे फिजीस फारसे गेले नाहीत.

मजुरांकडून पाच वर्षांचा करार करून घेत. इंग्रजी 'ॲग्रीमेंट' शब्दाचे त्यांच्या तोंडी 'गिरमिट' झाले. आपल्या मराठीत गिरमिट म्हणजे लाकडास भोक पाडण्याचे सुताराचे हत्यार. शब्दांची ही गाठ योगायोगाची असली, तरी अर्थाने चुकीची म्हणवत नाही. दहा फूट लांब व सात फूट रुंद अशा खोलीत तीन-तीन मजूर राहत. नेमून दिलेले काम पुरे केले, तर पुरुषास दिवसास एक शिलिंग व स्त्रीस नऊ पेन्स मजुरी मिळे. त्या जिण्यास ते सरळ 'नरक' म्हणत.

जहाजावर सर्व जातींची माणसे एकाच पंक्तीस बसली. सोवळे-ओवळे समुद्रात बुडाले आणि 'जहाजी भाई' हे नवे नाते उदयास आले. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. विपत्तीत मनुष्य कोणास भाऊ म्हणतो, हे आपणही ध्यानी धरावे.

ही पद्धत बंद व्हावी असा ठराव आपल्या नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१२ च्या मार्च महिन्यात वरिष्ठ कायदेमंडळात मांडला. तो २२ विरुद्ध ३३ मतांनी फेटाळला गेला. परंतु लोकमत जागे झाले. १९१६ साली पंडित मदनमोहन मालवीय यांचा ठराव सरकारने तत्त्वतः मान्य केला, आणि १९२० च्या आरंभी उरलेल्या मजुरांचे करारही रद्द झाले.

दहा वर्षे तेथे काढणाऱ्यास परतीचा प्रवास मोफत होता. तरीही बहुसंख्य लोक तेथेच राहिले. राहण्यास कोणाची हरकत नव्हती. पण राहू देणे व आपले मानणे यांत अंतर असते. मजुरांची बाजू मांडण्यासाठी १९१२ साली तेथे गेलेले बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर यांना १९२० च्या संपानंतर मुख्य बेटावर राहण्यासच सरकारने बंदी केली, व त्यांना देश सोडावा लागला. म्हणजे वास्तव्याची परवानगी ही देणाऱ्याच्या मर्जीची वस्तू ठरली.

जमिनीचेही तसेच. देशातील शेकडा ऐंशीहून अधिक जमीन मूळ रहिवाशांच्या कुळांकडे राहिली, आणि भारतीय शेतकरी खंडाने ती कसू लागला. १९७६ च्या कायद्याने तीस वर्षांचा पट्टा मिळे. १९९७ पासून पट्टे संपू लागले, तेव्हा कित्येकांना बापजाद्यांनी कसलेली शेते सोडावी लागली. याकरिता मूळ रहिवाशांस दोष देणे योग्य नव्हे. जमीन राखली म्हणूनच ते टिकले. त्यांच्या भाषेत धन्यास 'तौकेई' व पाहुण्यास 'वुलागी' म्हणतात. आपल्याकडे मराठेशाहीत गावोगाव मिरासदार व उपरी असत, तसाच हा भेद. उपऱ्याने कितीही वर्षे नांगर धरला, तरी मिरास आपोआप मिळत नसे.

दि. १० ऑक्टोबर १९७० रोजी फिजी स्वतंत्र झाले. दि. १४ मे १९८७ रोजी, म्हणजे पहिले जहाज आले त्याच तारखेस, कर्नल सितिवेनी राबुका यांनी लोकनियुक्त सरकार उलथून टाकले. १९९९ साली महेंद्र चौधरी हे भारतीय वंशाचे पहिले पंतप्रधान झाले. वर्षभरातच, १९ मे २००० रोजी, त्यांनाही ओलीस धरण्यात आले. या धक्क्यांनी हजारो कुटुंबे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व कॅनडाकडे निघाली. ज्यांच्या पणजोबांनी एकदा समुद्र ओलांडला, ते पुन्हा परक्या दारी वास्तव्याचा अर्ज घेऊन उभे राहिले!

तथापि कथा येथे संपत नाही. २०१३ च्या राज्यघटनेने सर्व नागरिकांस समान नागरिकत्व देऊन 'फिजियन' हे एकच नाव दिले. २०२३ च्या मे महिन्यात पंतप्रधानपदी असलेल्या त्याच राबुका यांनी १९८७ च्या कृत्याबद्दल जाहीर क्षमा मागितली, आणि गिरमिट दिनाची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली. पाहुण्यास घरचे व्हावयास १४४ वर्षे लागली.

आज परकीयास फिजीत राहावयाचे, तर नोकरी, गुंतवणूक किंवा बाहेरून येणारे निश्चित उत्पन्न यांच्या आधारे परवाना मिळतो. दहांपैकी पाच वर्षे कायदेशीर वास्तव्य झाले, म्हणजे नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. फिजी दुहेरी नागरिकत्व मानते. आपली राज्यघटना मानीत नाही. तेव्हा तिकडचे स्वीकारणाऱ्यास इकडचे सोडावे लागते.

तरुण मित्रा, तुझ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : परवाना कचेरीत मिळतो, देश मात्र शेजाऱ्याकडून मिळतो. तू अवश्य जा. तेथील भाषा शीक, तेथील मूळ माणसाचा मान राख. आणि आपल्या गावात पिढ्यान्‌पिढ्या राहूनही ज्यांना आपण अजून 'उपरे' म्हणतो, त्यांची आठवण जाण्यापूर्वी एकदा कर. ती मलाही हे लिहिताना झाली. इत्यलम्.